गावाची जमीन, दान कुणाचे?

गावाचे गायरान कारखान्याला दिले, तर मोर्चे निघतात आणि वर्तमानपत्रांत मथळे येतात. तेच गायरान एखाद्या गोशाळेला, धर्मादाय रुग्णालयाला किंवा शिक्षणसंस्थेला नाममात्र भाड्याने दिले, तर बहुधा कोनशिला बसते आणि हारतुरे होतात. पहिल्या व्यवहारात नफा आहे म्हणून तो संशयास्पद, दुसऱ्यात परोपकार आहे म्हणून तो निर्दोष, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. देशाच्या निरनिराळ्या भागांतील सामाईक जमिनींचे खटले आणि त्यांवरचे निकाल मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. ही समजूत तपासून पाहायला हवी, असे मला त्यातून वाटू लागले आहे. सामाईक जमीन गावाच्या हातून जाते ती प्रत्येक वेळी कुणाच्या लोभापायीच जाते असे नाही. पुष्कळदा ती पुण्यकर्मासाठी जाते, आणि पुण्यकर्म असल्यामुळेच तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारत नाही.

विचारायला हवा तो प्रश्न मात्र साधा आहे. दान स्वतःच्या वस्तूचे करता येते. गायरान सरपंचाच्या मालकीचे नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या मालकीचे नाही, मंत्रिमंडळाच्याही मालकीचे नाही. ही सारी मंडळी त्या जमिनीची राखणदार आहेत. राखणदाराने दानशूर व्हायचे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यासारखेच आहे. मग या दानाची किंमत मोजतो कोण?

‘पडीक’ जमिनीचे उत्पन्न

या जमिनीला प्रांतोप्रांती वेगळी नावे आहेत. पंजाब आणि हरियाणात ती शामलात, राजस्थानात चरागाह, कर्नाटकात गोमाळ, तमिळनाडूत पोरंबोक, महाराष्ट्रात गायरान. सरकारदरबारी मात्र तिचे वर्णन करताना ‘पडीक’, ‘ओसाड’, ‘विनावापर’ हे शब्द फार सहजपणे वापरले जातात. जिथे नांगर फिरत नाही आणि जिथून महसूल येत नाही, ती जमीन रिकामी, असा हा वसाहतकालीन हिशेब आहे. एखादी संस्था जमिनीसाठी अर्ज करते, तेव्हा तीही ‘गावातील विनावापर पडून असलेली जमीन’ असाच उल्लेख करते.

अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हा हिशेब खोटा ठरवला. सात राज्यांच्या कोरडवाहू भागांतील ऐंशीहून अधिक गावे त्यांनी पाहिली. १९५०च्या दशकाच्या आरंभापासून १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या तीन दशकांत तिथल्या सामाईक जमिनीचे क्षेत्र ३१ ते ५५ टक्क्यांनी घटले होते. जी जमीन उरली होती, तिच्यावर गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग अवलंबून होता. चारा, जळण, शेण, डिंक, रानभाजी, छपरासाठी गवत आणि काडी, असे हे उत्पन्न. त्याची पावती नसते, म्हणून ते कुणाच्या नोंदीत येत नाही. सधन शेतकऱ्याला गायरानाची फारशी गरज नसते, कारण त्याच्या बांधावर चारा असतो. ज्याला बांधच नाही त्याची सारी भिस्त गायरानावर असते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५४व्या फेरीत, म्हणजे १९९८ साली, सरकारने प्रथमच या संपत्तीची देशव्यापी मोजदाद केली. एकूण भौगोलिक क्षेत्राच्या १५ टक्के जमीन सामाईक स्वरूपाची असल्याचे आणि ४८ टक्के ग्रामीण कुटुंबे तिथून काही ना काही गोळा करीत असल्याचे त्यात आढळले. पाच वर्षांत हे क्षेत्र १.९ टक्क्यांनी आक्रसत होते. हा आकडा किरकोळ वाटतो. पण सामाईक जमीन सहसा एकदम जात नाहीच. इथे दोन एकर, तिथे पाच एकर, अशी ती झिजते. त्यामुळे प्रत्येक वेळी ‘एवढ्याने काय बिघडते’ हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो.

कायद्याने उघडी ठेवलेली दारे

धर्मादाय कामासाठी गावाची जमीन देणे बेकायदेशीर आहे का? नाही. किंबहुना अनेक राज्यांच्या कायद्यांनी त्यासाठी मुद्दाम दार उघडे ठेवले आहे.

पंजाबचे उदाहरण बोलके आहे. तिथे शामलात जमीन मुळात गावातील जमीनमालकांच्या मंडळाची मानली जाई. दलित, कारागीर आणि भूमिहीन मजूर यांना ती वापरण्याची परवानगी असे, मालकीत वाटा नसे. १९०० सालच्या जमीन हस्तांतरण कायद्याने तर बिगरशेतकरी ठरवलेल्या जातींना शेतजमीन विकत घेणेही अशक्यप्राय केले होते. स्वातंत्र्यानंतर आधी १९५०च्या दशकातील कायद्यांनी आणि मग १९६१च्या पंजाब ग्राम सामाईक जमीन (विनियमन) कायद्याने ही जमीन पंचायतीत निहित केली. म्हणजे जी मालकी मूठभर कुटुंबांकडे होती, ती कागदावर तरी सबंध गावाकडे आली. पुढे नियमांनी लागवडीखालील पंचायत जमिनीचा एक तृतीयांश भाग अनुसूचित जातींच्या लोकांनाच लिलावाने भाडेपट्ट्यावर देण्याची तरतूद केली. ज्या राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार जवळपास ३२ टक्के आहे आणि त्यांच्याकडील शेतजमीन नगण्य आहे, तिथे या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे. सरकारच्या पूर्वमंजुरीने पंचायत आपल्यात निहित असलेली जमीन रुग्णालय, दवाखाना, शैक्षणिक किंवा धर्मादाय संस्थेला बक्षीसही देऊ शकते. अट एवढीच की, ते गावातील रहिवाशांच्या हिताचे असावे. नियमात ‘हित’ या शब्दाची फोड केलेली नाही. ते कोणी ठरवायचे, कसे मोजायचे आणि एकाच्या हितासाठी दुसऱ्याचे अहित होत असेल तर काय करायचे, याविषयी नियम गप्प आहे.

राजस्थानात १९५५च्या कूळकायद्याने चराऊ जमिनीवर कुणालाही खातेदारीचे हक्क मिळणार नाहीत असे स्पष्ट केले. पण त्याच राज्यात गोशाळांना जमीन देण्यासाठी १९५७चे नियम आहेत आणि शाळा, महाविद्यालये, दवाखाने, धर्मशाळा यांच्या इमारतींना सरकारी जमीन देण्यासाठी १९६३चे नियम आहेत. कर्नाटकाच्या महसूल नियमांनी दर शंभर गुरांमागे १२ हेक्टर गोमाळ राखण्याचे प्रमाण ठरवून दिले आणि हे क्षेत्र कमी करण्याचा अधिकारही प्रशासनाला दिला. उत्तर प्रदेशच्या जमीनदारी निर्मूलन कायद्याच्या कलम १३२ने चराई, तळी, खळी आणि स्मशानभूमी यांच्यावर खासगी हक्क निर्माण होऊ दिले नाहीत. तरीही अदलाबदल आणि वर्गबदल यांच्या वाटा पुढे निघाल्याच. थोडक्यात, एक कलम जमीन राखते आणि दुसरे ती सोडवून घेण्याची सोय करते, हे जवळपास सर्वत्र दिसते.

‘धर्मादाय प्रयोजन’ म्हणजे काय, याचे उत्तरही आपण जमिनीच्या कायद्यात शोधत नाही. ते आलेले आहे करकायद्यातून. १८९१च्या प्रसिद्ध पेम्सेल खटल्यात ब्रिटिश न्यायाधीशांनी दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्मप्रसार आणि समाजोपयोगी इतर कामे अशी चार गटांची वर्गवारी केली. आपल्या १९६१च्या आयकर कायद्यातील व्याख्येवर तिची छाया स्पष्ट दिसते. त्या व्याख्येत गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्या जोडीला २०१५ मध्ये योगही आला, आणि शेवटी ‘सर्वसाधारण लोकोपयोगी इतर कोणतेही उद्दिष्ट’ हा ऐसपैस शब्दप्रयोग आहेच. एखाद्या न्यासाला करातून सूट द्यावी की नाही हे ठरवण्यासाठी ही व्याख्या ठीक आहे. कारण तिथे सरकार स्वतःच्या तिजोरीतील उत्पन्न सोडत असते. पण एका भूमिहीन कुटुंबाची चराई काढून घ्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी ती मुळीच पुरेशी नाही. तिथे सोडले जाते ते दुसऱ्याचे उत्पन्न.

दहा आठवडे, दोन निकाल

या विषयाचे दोन्ही पैलू सर्वोच्च न्यायालयासमोर २०११ मध्ये अवघ्या दहा आठवड्यांच्या अंतराने आले.

पहिला निकाल २८ जानेवारीचा, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य. पतियाळा जिल्ह्यातील रोहर जागीर या गावचे तळे काही जणांनी बुजवून त्यावर बांधकामे केली होती. जिल्हाधिकाऱ्यांनी जमीन पंचायतीचीच असल्याचे मान्य केले. पण अतिक्रमकांना हटवणे जनहिताचे नाही असे म्हणून त्यांच्याकडून जमिनीची किंमत वसूल करावी, असा अजब तोडगा त्यांनी काढला. आयुक्तांनी तो फिरवला, उच्च न्यायालयाने आयुक्तांना दुजोरा दिला आणि न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने अतिक्रमकांचे अपील फेटाळले. न्यायालय तिथेच थांबले नाही. बेकायदा ताबे नियमित करू देणारे पंजाब सरकारचे २००७चे पत्र त्याने अवैध ठरवले. सर्व राज्यांनी सामाईक जमिनी मोकळ्या करून गावाला परत देण्याच्या योजना आखाव्यात, असा आदेश दिला. ताबा किती वर्षे आहे, बांधकामावर किती खर्च झाला किंवा राजकीय लागेबांधे किती आहेत, यांतले काहीही समर्थन म्हणून चालणार नाही, असेही बजावले.

मात्र त्याच निकालात न्यायालयाने अपवादही सांगितले. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेखाली पट्टा दिलेला असेल, अथवा त्या जमिनीवर आधीपासून शाळा, दवाखाना किंवा अन्य लोकोपयोगी सेवा उभी असेल, तरच नियमितीकरण होऊ शकते. हे अपवाद माणुसकीचे आणि व्यवहार्य आहेत. उभी शाळा पाडा असे कोणते न्यायालय म्हणेल? पण ‘अन्य लोकोपयोगी सेवा’ या शब्दांचा आधार घेण्यासाठी पुढे कोण कोण रांगेत उभे राहणार होते, याचा अंदाज तेव्हा बांधणे कठीण होते.

दुसरा निकाल ६ एप्रिलचा, अखिल भारतीय उपभोक्ता काँग्रेस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. भोपाळच्या बावडिया कलां येथील २० एकर शासकीय जमीन भाजपचे दिवंगत नेते कुशाभाऊ ठाकरे यांच्या नावाने स्थापन झालेल्या स्मारक न्यासाला देण्यात आली होती. न्यासाची उद्दिष्टे समाजोपयोगी होती. तरीही न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि ए. के. गांगुली यांनी हे वाटप रद्द केले. त्यामागची भूमिका अशी की, सरकारला सार्वजनिक संपत्ती द्यायची असेल तर त्यासाठी ठरलेले, उघड धोरण हवे. जाहिरात न देता, इतर पात्र संस्थांना संधी न देता, केवळ कुणीतरी अर्ज केला म्हणून जमीन देता येणार नाही. शिक्षण, संस्कृती किंवा समाजसेवा अशा कामांसाठी जमीन देतानाही हे पथ्य सुटत नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की त्यांतील पोकळी दिसते. पहिला निकाल जमीन गावाची आहे हे सांगतो, पण लोकोपयोगी कामाला सूट देतो. दुसरा निकाल लोकोपयोगी कामालाही शिस्त लावतो, पण ती शिस्त मुख्यतः जमीन मागणाऱ्या संस्थांमधील समतेची आहे. एका न्यासाला मिळाली, दुसऱ्याला का नाही, असा तो प्रश्न आहे. जी बाई रोज त्या जमिनीवर शेळ्या चारते, ती या दोन्ही खटल्यांत पक्षकार नव्हती. जाहिरात निघाली, लिलाव झाला, सर्वांत लायक संस्थेला जमीन मिळाली, तरी तिचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

ठरावातील पाच ओळी

काही वर्षांपूर्वी राजस्थानातील एका गावात मला हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. चरागाहाचा एक मोठा तुकडा गोशाळेसाठी दिला गेला होता. तारेचे कुंपण, पाण्याची टाकी, दात्यांची नावे कोरलेला फलक, सारे व्यवस्थित होते. आतल्या गायींची देखभालही चांगली होत होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कुंपणाला लागून जाणाऱ्या वाटेवर एक वयस्क बाई पाच शेळ्या घेऊन चालली होती. कुंपण पडण्याआधी तिच्याकडे बारा होत्या. चारा विकत घेणे परवडेना, म्हणून सात विकल्या. ती म्हणाली, “गायीला जागा नको असं कोण म्हणेल, साहेब? पण आम्हाला कुणी विचारलंच नाही.”

पंचायतीच्या कार्यालयात मी त्या ठरावाची प्रत पाहिली. तो पाच ओळींचा होता. जमीन ‘गावाच्या हितासाठी’ देण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते. गावात गुरे किती, शेळ्या-मेंढ्या किती, त्या कुठे चरतात, उरलेले चरागाह पुरेल का, यांतले काहीच त्यात नव्हते. खाली सह्या आणि अंगठे होते. त्यांत शेळ्या पाळणाऱ्या वस्तीतील एकाचेही नाव नसल्याचे मला गावातल्याच शिक्षकाने दाखवून दिले. पशूंसाठी राखलेली जमीन पशूंच्याच सेवेसाठी दिली गेली होती, आणि तरीही गावातील जित्राबांची चराई गेली होती. यात कुणाचा भ्रष्टाचार नव्हता. म्हणूनच हे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते.

अशा प्रकरणांचा न्यायालयातील प्रवास बहुधा ठरावीक असतो. ठराव होतो, तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांची मोहोर उमटते, जमिनीचा वर्ग बदलतो, पट्टा होतो. हरकत घेणारे पुढे येईपर्यंत पायाभरणी झालेली असते. निकाल लागेपर्यंत इमारत उभी राहिलेली असते आणि तिच्यात मुले शिकत असतात किंवा रुग्ण उपचार घेत असतात. त्या अवस्थेत न्यायाधीशांपुढे एका बाजूला दिसणारे, मोजता येणारे सत्कार्य असते, तर दुसऱ्या बाजूला नाहीशी झालेली चराई, जिची छायाचित्रेही कुणाकडे नसतात. तराजू कुठे झुकणार हे सांगायला नको. वेळ हाच इथे सर्वांत मोठा पुरावा ठरतो.

पट्टा मिळाल्यानंतर अटींचे काय होते, हा याच कहाणीचा उत्तरार्ध. इथे दिल्लीच्या रुग्णालयांचा अनुभव आठवतो. ती गावाची जमीन नव्हती, सरकारी होती, पण तत्त्व तेच. गरिबांची सेवा करू, या आश्वासनावर अनेक संस्थांना सवलतीत जमीन मिळाली. ते आश्वासन पाळले जावे म्हणून वर्षानुवर्षे न्यायालयीन लढाई द्यावी लागली. अखेर ९ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूलचंद खैरातीराम न्यासाच्या प्रकरणात निर्वाळा दिला की, अशा रुग्णालयांना बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के आणि आंतररुग्ण विभागात १० टक्के गरिबांवर मोफत उपचार करावेच लागतील. देशाच्या राजधानीत, वकिलांची आणि स्वयंसेवी संघटनांची फौज पाठीशी असताना एवढा काळ लागला. मग एखाद्या दूरच्या गावात ‘धर्मादाय’ शाळेने शुल्क आकारायला सुरुवात केली, तर अटभंगाची तक्रार कोण करणार आणि कोणाकडे?

दुसरी बाजू

या युक्तिवादाला दुसरी बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. आपल्या देशातील असंख्य प्राथमिक शाळा, आरोग्य उपकेंद्रे, अंगणवाड्या आणि समाजमंदिरे सामाईक जमिनीवरच उभी आहेत. गावाकडे दुसरी जमीन नव्हतीच. जिथे सरकार पोहोचले नाही, तिथे मिशनऱ्यांनी, आर्यसमाजाने, गुरुद्वारांनी आणि स्थानिक दानशूरांनी शाळा काढल्या. त्या शाळांनीच अनेकदा त्या भूमिहीनांच्या मुलांना शेळ्यांमागून वर्गात आणले. अशा प्रत्येक पट्ट्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल.

शिवाय प्रत्येक खटला भूमिहीनांच्या वतीने लढला जातो, असेही नाही. पंचायत निवडणुकीत हरलेला गट जिंकलेल्या गटाच्या ठरावाला आव्हान देतो आणि त्यासाठी ‘सामाईक जमीन वाचवा’ ही घोषणा हाती घेतो, हेही वारंवार घडते. जगपाल सिंग निकालाच्या अंमलबजावणीतही हा विसंवाद दिसला. निष्कासनाच्या नोटिसा मोठ्या संस्थांपेक्षा झोपड्यांपर्यंत लवकर पोहोचतात. गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या दलित कुटुंबाला ‘अतिक्रमक’ आणि त्याच गायरानावर संस्था उभारणाऱ्याला ‘लोकोपयोगी’ म्हटले जाणार असेल, तर निकालाचे शब्द पाळले जातील, पण त्याचा हेतू हरवेल.

मालकीचा प्रश्नही वाटतो तितका मिटलेला नाही. हरियाणात एकत्रीकरणाच्या वेळी जमीनमालकांनी आपापल्या वाट्यातून सामाईक कामांसाठी म्हणून सोडलेली जमीन पंचायतीत निहित करण्याचा कायदा झाला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचायतीच्या बाजूने निकाल दिला. मे २०२४ मध्ये पुनर्विलोकनात तो मागे घेतला गेला. १६ सप्टेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचे अपील फेटाळून सांगितले की, एकत्रीकरण योजनेत ठरावीक सामाईक कामासाठी राखून न ठेवलेली शिल्लक जमीन पंचायतीची होत नाही, ती मूळ मालकांचीच राहते. घटनेच्या अनुच्छेद ३१-क मधील संरक्षणाच्या दृष्टीने या निकालाला आधार आहे. पण त्याचा एक व्यावहारिक परिणाम असा की, गावाच्या ताब्यात निर्विवादपणे असलेली जमीन आणखी आक्रसते. जे थोडे उरते, त्यावरचा प्रत्येक नवा पट्टा म्हणूनच अधिक काळजीने तपासला पाहिजे.

राखणदाराची कसोटी

१९९६च्या डिसेंबरमध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचा सिद्धान्त आपल्या कायद्यात रुजवला. नदी, किनारा, वन अशा संपत्तीचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे, हा त्याचा गाभा. गावाच्या जमिनीला तो लावायचा, तर विश्वस्ताने संस्थेचा हेतू किती उदात्त आहे हे विचारण्याआधी काही साध्या गोष्टी विचारायला हव्यात.

पहिली, ही जमीन आज कोण वापरते. जमीन देण्यापूर्वी वापरकर्त्यांची यादी व्हावी, गुरांची आणि शेळ्यामेंढ्यांची मोजणी व्हावी, जळण गोळा करणाऱ्या स्त्रियांची, ठरावीक ऋतूत येणाऱ्या भटक्या पशुपालकांची नोंद व्हावी. ही नोंद नसलेला ठराव अपुरा मानला जावा.

दुसरी, संमती कुणाची. बहुतेक राज्यांत अशा पट्ट्यासाठी पंचायतीचा ठराव आणि वरिष्ठांची मंजुरी पुरते. पंचायत म्हणजे काही निवडून आलेले सदस्य, ग्रामसभा म्हणजे सारे गाव. वनहक्क कायद्याच्या चौकटीत २०१३ साली नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो मानला गेला. डोंगरावरच्या आदिवासींना जे विचारले जाते, ते मैदानातल्या भूमिहीनांना का विचारू नये? आणि संमती खरी असावी, यासाठी गावातील वापरकर्त्यांच्या वस्त्यांची उपस्थिती हीच गणपूर्तीची अट असावी.

तिसरी, बदल्यात काय. महाराष्ट्राने या बाबतीत इतर राज्यांना दाखवण्याजोगे काही केले आहे. जगपाल सिंग निकालानंतर १२ जुलै २०११च्या शासन निर्णयाने गायरान व्यक्ती किंवा खासगी संस्थांना देण्यावर बंधन घातले. पुढे जमीन महसूल संहितेत आलेल्या कलम २२-अ ने गायरानाचा वापर बदलण्यास मुळातच मनाई केली. अपवाद करायचाच झाला, तर तो शासकीय सार्वजनिक प्रयोजनासाठी पर्यायी जमीन नसेल तेव्हाच, किंवा प्रकल्पासाठी अटळ असेल तेव्हा भरपाईदाखल तेवढीच जमीन घेऊन. अंमलबजावणीतील त्रुटी वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असतील, पण तत्त्व योग्य आहे. जमिनीची भरपाई जमिनीने व्हावी. कारण पंचायतीच्या खात्यात जमा झालेले भाडे शेळीच्या पोटात जात नाही.

चौथी, मुदत आणि परतीची वाट. पट्टा थोडक्या वर्षांचा असावा, त्याचे नूतनीकरण आपोआप होऊ नये. प्रयोजन संपले किंवा बदलले की जमीन कोणत्याही वेगळ्या खटल्याविना ग्रामसभेकडे परत यावी. संस्थेने दरवर्षी ग्रामसभेपुढे उभे राहून सांगावे की, यंदा गावातील किती मुले शिकली, किती रुग्णांवर मोफत उपचार झाले. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सार्वजनिक जमिनींच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण कक्ष स्थापण्यास सांगितले. अशा कक्षांचा उपयोग अतिक्रमणांपुरता न ठेवता दिलेल्या पट्ट्यांच्या अटी तपासण्यासाठीही करता येईल.

यांतली कोणतीही अट खऱ्या सेवाभावी संस्थेला जाचक नाही. ज्या संस्थेला गावाची सेवा करायची आहे, तिला वर्षातून एकदा गावाला तोंड देण्याचे भय कशाला? उलट अशा संमतीने उभी राहिलेली शाळा किंवा गोशाळा खटल्यांपासून अधिक सुरक्षित राहील. ज्यांना या अटी नकोत, त्यांच्या परोपकाराचे मूल्यमापन मग त्याच आधारे करता येईल.

त्या राजस्थानी गावातील गोशाळा चालवणाऱ्या गृहस्थांना मी बाईंचे म्हणणे सांगितले होते. ते मनाने चांगले होते. त्यांना खरोखर वाईट वाटले. “पण जमीन तर सरकारनं दिली,” ते म्हणाले. ते चुकीचे बोलत नव्हते, त्यांच्याकडे मोहोर उमटवलेला कागद होता. पण त्या कागदावरची मोहोर सरकारची होती, आणि कागदावर लिहिलेली जमीन तिच्या सात शेळ्यांची.